तेवीस सप्टेंबर आणि अडलेली सही

ऑगस्ट २०२५ संपता संपता विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका सोसायटीत पुनर्विकासाच्या वैयक्तिक करारांवर सह्या चालू होत्या. एका घरातली सही अडली. घर ज्यांच्या नावावर, त्या बाई पालिकेच्या रुग्णालयातून सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झालेल्या, हिशेबाला पक्क्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बिल्डरवर त्यांचा राग नव्हता, भाडंही त्यांना कमी वाटत नव्हतं. सेक्रेटरींना त्या एवढंच म्हणाल्या, "ताबा मिळायला तीन वर्षं. तोवर मी इथे नसणार. मग सही कशाला?" सेक्रेटरींना वाटलं, बाईंना काहीतरी मोठा आजार निघाला. ते संध्याकाळी सफरचंदं घेऊन भेटायला गेले.

बाईंना काही झालेलं नव्हतं. २३ किंवा २४ सप्टेंबरला प्रभू येशू आपल्या लोकांना घ्यायला येणार, अशी त्यांची खात्री झाली होती.

मुलाने चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला आणि तिथून प्रकरण माझ्याकडे आलं. मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांपैकी एक, पेशाने शिक्षक, त्यामुळे बायबल अभ्यास वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात. बाईंना मी मावशी म्हणतो. ओळख पटू नये म्हणून घरातल्या काही गोष्टी बदलून लिहीत आहे. लिहायला त्यांची हरकत नाही. अट एकच घातली, "मला येडी ठरवू नका, सर."

घर

कुटुंब मूळचं नगर जिल्ह्यातलं, आजोबांच्या काळापासून मिशनच्या शाळेत शिकलेलं. मुंबईत आल्यावरही मंडळी तीच: रविवारची उपासना, महिन्याचं प्रभुभोजन, नाताळचा केक. यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दफनविधीला मोजकीच माणसं, तीही लांब उभी. त्यानंतर मावशी गुरुवारी भांडुपच्या एका घरगुती प्रार्थनासभेला जाऊ लागल्या आणि रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर संदेश ऐकू लागल्या. तिथे ही तारीख त्यांना भेटली.

सही हा त्यातला दिसणारा भाग. दुसरा भाग पैशाचा होता. निवृत्तीच्या रकमेतली एक एफडी मोडून ती सुवार्तेची पत्रकं छापायला द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बँकेत मुलाचं नाव जोडलेलं नसतं, तर ती तेव्हाच मोडली असती.

तिसरा भाग मला सर्वांत शेवटी कळला आणि माझ्या मते खरं प्रकरण तेच. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट शोधताना सुनेला कपाटात बांगड्यांच्या डब्याखाली एक खाकी पाकीट सापडलं. वर लिहिलेलं: "सूनबाईसाठी. आम्ही दिसलो नाही तर उघडणे." आत दोन फुलस्केप कागद. वॉर्डात ड्युटी बदलताना सिस्टर जशी टिपणं ठेवतात, तशी क्रमांक घालून यादी. गॅसचा ग्राहक क्रमांक. लाइट बिलाची तारीख. लॉकरची किल्ली पिठाच्या डब्यात. बाळाच्या शाळेची पुढच्या सत्राची फी भरू नकोस, तो आमच्याबरोबर असेल. रेशन बंद झालं तरी कपाळावर किंवा उजव्या हातावर कसलाही शिक्का मारून घेऊ नकोस, प्रकटीकरण १३ वाच. घाबरू नकोस.

सून बौद्ध घरातली. लग्न नोंदणी पद्धतीने झालेलं, बाप्तिस्मा घेतलेला नाही. नाताळच्या उपासनेला येते आणि मंडळीच्या स्वयंपाकात सगळ्यांत आधी पदर खोचते. ती मला म्हणाली, "आईंनी मला इतक्या वर्षांत एकदाही चर्चला चल म्हटलं नाही. आणि मी मागे राहणार, हे मात्र लिहून ठेवलं. क्रमांक घालून."

तारीख कुठून आली

दक्षिण आफ्रिकेतल्या जोशुआ म्हलाकेला नावाच्या गृहस्थाने एका मुलाखतीत सांगितलं, की २०१८ मध्ये आपल्याला येशूचं दर्शन झालं आणि २३–२४ सप्टेंबर २०२५ ही तारीख मिळाली. त्या दोन दिवसांत यहुद्यांचा नववर्षाचा सण रोश हशाना, म्हणजे बायबलमधल्या लेवीय २३ मधला कर्णे वाजवण्याचा सण होता. टिकटॉकवर ही गोष्ट जगभर पसरली. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद, पण तेच तुकडे यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर आले.

नुसत्या स्वप्नावर मावशी भुलल्या नसत्या. त्यांनी वहीत गणित मांडलं होतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. होशेय ६ मध्ये 'दोन दिवसांनी' असा शब्द आहे. दोन दिवस म्हणजे २००० वर्षं. वधस्तंभाचं वर्ष इ. स. ३२ धरायचं, की येतं २०३२. विश्वासणारे शेवटाआधीच्या महासंकटाच्या सात वर्षांपूर्वीच नेले जाणार, म्हणून ती सात वर्षं वजा करायची, उरतं २०२५. शेजारी ताळा म्हणून १९४८ लिहिलं होतं: इस्राएल राष्ट्र उभं राहिलं, स्तोत्र ९० प्रमाणे माणसाचं आयुष्य ऐंशी वर्षं, म्हणजे ही पिढी २०२८ ला संपते.

बेरीज-वजाबाकी अचूक होती. पण वधस्तंभाच्या वर्षासाठी बहुतेक अभ्यासक ३० किंवा ३३ धरतात. एक 'दिवस' म्हणजे नेमकी हजार वर्षं, असं पेत्र म्हणतच नाही. तो देवाच्या धीराबद्दल बोलतोय. गणितात जे घातलं तेच बाहेर पडलं.

आणि हे नवं नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, काहींनी शेतातलं पीक तसंच उभं सोडलं. एडगर व्हिसेनंट यांनी १९८८ चा हाच कर्ण्यांचा सण धरला होता, इस्राएलची स्थापना अधिक चाळीस वर्षं या हिशेबाने. तो चुकल्यावर १९८९ सांगितलं. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ साठी रेडिओवरून जग हलवलं, मग ऑक्टोबरची तारीख दिली, आणि २०१२ मध्ये जाहीरपणे कबूल केलं की तारीख सांगणं हे पापच होतं. एवढं मोकळेपणाने बोलणारे विरळाच. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ची तारीख देणारे ली जांग-रिम फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. लोकांकडून पैसे घेणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः मात्र त्या तारखेनंतर मुदत पूर्ण होणारे रोखे घेऊन ठेवले होते. एफडीचा विषय निघाला तेव्हा हे मी मावशींना सांगितलं. त्या हसल्या, पण मत बदललं नाही. "ते लबाड होते. हा माणूस पैसे मागत नाही." हेही खरंच होतं.

व्यासपीठावरून दिलेलं उत्तर

पाळकसाहेबांनी पहिला उपाय केला तो रविवारच्या उपदेशातून. मत्तय २४:३६ वाचलं: तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. मोबाइलवरच्या अफवांना बळी पडू नका, असं सांगून पुढचा विषय. वचन बरोबर, अर्थ बरोबर, वेळही बरोबर. मावशी घरी येऊन मुलाला म्हणाल्या, "साहेबांना प्रभू यायलाच नको आहे."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. आम्ही दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या सामूहिक कबुलीत, म्हणतो, की जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो पुन्हा येईल. पण त्या ओळीवर आमच्या मंडळीत शेवटचा संपूर्ण उपदेश कधी झाला, हे मी विचारलं तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. मेलेले उठतील असं सांगणारा पौलाच्या पत्रातला अध्याय, १ थेस्सलनीकाकर ४, वाचला जातो तो फक्त दफनविधीला. नाताळआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार मुळात ख्रिस्ताच्या दोन्ही आगमनांसाठी आहेत, पण आमच्याकडे ते नाताळच्या गाण्यांच्या तालमीत जातात. पुनरागमनावर तासन्तास बोलणारा पहिला माणूस मावशींना मोबाइलवर भेटला. त्याची तारीख नाकारणं म्हणजे येणंच नाकारणं, असं त्यांना वाटलं तर दोष फक्त त्यांचा नाही.

तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. तो येणार का? यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल सगळ्यांचं एकमत. कोणत्या क्रमाने येणार? यावर शतकानुशतकं प्रामाणिक मतभेद. आणि नेमका कधी? तारीख मान्य करायला दुसऱ्या प्रश्नातला एकही पक्ष आपल्या शिकवणीत जागा देत नाही. हा शेवटचा मुद्दा मावशींना पटायला हवा होता, आणि माझ्या तोंडून तो पटणार नव्हता.

जेवणाच्या टेबलावर

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा तोंडावर असताना, आम्ही मावशींच्या घरी बसलो. बाहेर पाऊस. पाळकसाहेब, मी, वरच्या मजल्यावरचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे कॅथलिक, शेजारी आणि मावशींचे धाकटे भाऊ. भाऊ तरुणपणी ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाच्या सभेत गेले आणि तिथलेच झाले. घरात सगळे त्यांना मामा म्हणतात. मुलाला वाटत होतं मामा आईचीच बाजू घेतील, त्यांना बोलावूच नये. मी हट्टाने बोलावलं.

मावशींनी आधीच विचारून टाकलं, "तुम्हा सगळ्यांचं तरी एक आहे का?" नव्हतंच.

शेजाऱ्यांनी कॅथलिक शिकवण दोन वाक्यांत संपवली: येशू स्वर्गात गेला त्या दिवसापासून त्याचं येणं जवळच आहे, पण शेवटाच्या आधी इथे पृथ्वीवर तो हजार वर्षं राज्य करील ही कल्पना चर्च मानत नाही. मग ते जत्रेची गर्दी आणि मेणबत्त्यांचे भाव यांवर वळले.

पाळकसाहेबांचं म्हणणंही त्याच्या आसपासचं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा मंडळीचा काळ, संख्या प्रतीकात्मक. ऑगस्टीनने पाचव्या शतकात ही मांडणी रुजवली आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ती हजारभर वर्षं टिकली. माझाही कल तिकडेच. पण त्याआधीच्या जस्टिन आणि आयरेनियस या धर्मपित्यांना ख्रिस्त आधी येईल आणि मग हजार वर्षं राज्य करील असंच वाटत होतं. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण मावशींच्या मनात होतं की आपलं मत म्हणजे अडाण्यांचं मत. जगभर सुवार्ता पसरून आधी सुवर्णकाळ येईल आणि मग ख्रिस्त येईल, हेही एक मत होतं. अठराव्या शतकातले अमेरिकन धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांच्यापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याचा मोठा जोर. दोन महायुद्धांनंतर ते बरंच ओसरलं. आणि मत्तय २४ मधलं 'ही पिढी नाहीशी होणार नाही' हे वचन इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेव्हाच पुरं झालं, असं मानणारेही आहेत. मावशींना हे अजिबात आवडलं नाही. "म्हणजे आमच्यासाठी काही उरलंच नाही?" त्या अध्यायाचा काही भाग तेव्हा पुरा झाला आणि काही व्हायचा आहे, असं बहुतेक भाष्यकार धरतात, असं सांगून मी तिथून पाय काढता घेतला.

मामा इतका वेळ गप्प होते. मावशी जे मानतात ते सगळं ते मानतात. महासंकटाच्या आधी विश्वासणारे अंतराळात घेतले जातील. मग सात वर्षं, मग प्रभूचं प्रकट येणं, मग हजार वर्षांचं राज्य. ही मांडणी १८३० च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी यांनी पुढे आणली, १९०९ च्या स्कोफिल्डच्या टीपांसहित बायबलने घरोघर नेली. मामा त्यातच वाढले.

ते म्हणाले, "ताई, आज कोणती तारीख?"

"दहा."

"आज प्रभू येऊ शकतो?"

मावशी थांबल्या. "येऊ शकतो की."

"मग तेवीसची वाट कशाला बघतेस? तेवीस म्हणालीस की दहाला येणार नाही असं म्हणालीस. अकराला नाही, बाराला नाही. आपली शिकवण काय? कोणत्याही घटकेला. ज्याने तारीख दिली त्याने प्रभूचे बाकीचे दिवस काढून घेतले."

पाळकसाहेबांचं वचन आणि मामांचं म्हणणं यांत अर्थाने फार फरक नव्हता. पण एक बाहेरून आलं, एक घरातून. मावशींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्याच शिकवणीतून कोणीतरी तारीख काढून घेतली, त्यामुळे येणं शाबूत राहिलं. अशा प्रकरणात ज्याचा कल माणसाच्या सर्वांत जवळचा, त्यालाच आधी बोलवा. आमच्यासारखे शहाणे नंतर.

मावशींकडे एक शेवटचा मुद्दा होता. नव्या चंद्राची कोर दिसल्यावर कर्ण्यांचा सण सुरू व्हायचा, म्हणून तो 'कोणालाही ठाऊक नसलेला दिवस' आणि म्हणून दोन दिवसांचा. येशू तेच सुचवत होता, असं व्हिडिओत सांगितलेलं. यावर मी काही बोलणार तोच त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण आमच्या वॉर्डातली ती बेने इस्राएल सिस्टर? तिची नव्याच्या सणाची रजा जानेवारीतच ड्युटी चार्टवर असायची."

कोकणातून मुंबईत आलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी या सणाला नव्याचा सण म्हणतात. मांडवीतलं त्यांचं सिनेगॉग १७९६ मधलं. यहुदी पंचांग चौथ्या शतकापासून ठरीव गणितावर चालतं असं परंपरा सांगते. कोणालाही ठाऊक नसलेला दिवस वर्षभर आधी छापून येतो. मावशींनी हे सगळं पुस्तकाशिवाय, रजेच्या आठवणीतून पकडलं. मला बोलायची गरजच उरली नाही.

ते दोन दिवस

तरी खात्री पूर्ण गेली नव्हती. २२ च्या रात्री, घटस्थापनेच्या दिवशी, खाली मांडवात गरबा सुरू असताना त्या जाग्या बसल्या. जेरुसलेमचा सूर्यास्त म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे नऊ, हेही त्यांनी काढून ठेवलं होतं. २४ ला रात्री नऊनंतर मी फोन केला. म्हणाल्या, "भात टाकलाय. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी जे बोलल्या त्यात म्हलाकेला नव्हते, इस्राएल नव्हतं. यजमानांच्या दफनाला त्या पीपीई किटमधून लांब उभ्या होत्या. तेव्हा वाचलेली ओळ, ख्रिस्तामध्ये मेलेले प्रथम उठतील, त्यांना नीट ऐकूही आली नव्हती. तेवीस तारीख त्यांच्या लेखी जगाचा शेवट नव्हतीच. यजमानांच्या भेटीची वेळ ठरली होती आणि ती पुन्हा बेमुदत पुढे गेली होती. त्या दिवशी मी थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पौलाचं पहिलं पत्र त्यांच्यासमोर सावकाश वाचलं. थेस्सलनीकाच्या लोकांनाही हेच टोचत होतं, की आमचे गेले त्यांचं काय. पौलाने तारीख दिली नाही. गेलेले मागे राहणार नाहीत, एवढं सांगितलं. दुसऱ्या पत्रात तर त्याला लिहावं लागलं, की आमच्या नावाने आलेल्या पत्राने घाबरू नका, प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं कोणी म्हणालं तरी. इ. स. ५० च्या आसपासचा हा फॉरवर्डच म्हणायचा. त्याच पत्रात कामधंदा सोडून बसलेल्यांना खरमरीत सुनावलंय: काम करायचं नसेल तर खाऊही नका.

म्हलाकेलांकडून लगेच ऑक्टोबरची नवी तारीख आली. जुन्या ज्युलियन पंचांगाचा हिशेब राहिला होता म्हणे. मावशींनी तो व्हिडिओ मला पाठवला, खाली फक्त एक हात जोडलेला. भांडुपच्या सभेत दोन कुटुंबांनी ती तारीखही धरली.

पुढे

दिवाळीनंतर सही झाली. सेक्रेटरींनी पेढे दिले. त्यांना अजूनही वाटतं बाईंचे रिपोर्ट नॉर्मल आले. एफडी मोडली नाही, पण तिच्या व्याजातून मावशी भांडुपच्या सभेला दरमहा काही देतात, आणि मुलाने त्यावर वाद घालणं सोडलंय. आगमनकाळात ३० नोव्हेंबरपासून पाळकसाहेबांनी चारही रविवार पुनरागमनावर घेतले. तिसऱ्या रविवारी मामांना बोलावलं. काही पंचांना ब्रदरन माणूस व्यासपीठावर रुचला नाही आणि तसं त्यांनी लेखी कळवलं. नाताळच्या तालमी शनिवारी गेल्या म्हणून तरुण संघही नाराज.

वहीतलं १९४८ अधिक ८० अजून तिथेच आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, "खोडलेलं नाही. पण कोणाला सांगतही नाही." मला हे पुरेसं वाटतं. मुलाला वाटत नाही.

पाकिटाचं मात्र सुटलेलं नाही. मावशींनी ते परत मागितलं, सुनेने दिलं नाही. मावशी म्हणतात, त्यात प्रेमच होतं, नाहीतर गॅसचा नंबर कोण लिहून ठेवतं? सून म्हणते, प्रेम होतं तर तोंडाने बोलायचं होतं. दोघींचंही म्हणणं खरं आहे. कुटुंब सध्या नाहूरला भाड्याच्या घरात आहे. मामा आणि मी तिथे जाऊन सुनेशी बोलावं असं पाळकसाहेबांचं मत आहे. माझं मत वेगळं आहे: आधी मावशींनी एकटीने बोलावं, आणि बोलताना बाप्तिस्म्याचा विषय काढू नये. पंचमंडळाच्या पुढच्या बैठकीत ते ठरेल.